सुडोकूची तीन ॲप्स, पाच महिन्यांचा वापर : खरेदीआधी काय तपासावे

वर्षानुवर्षे वर्तमानपत्रातले सुडोकू पेन्सिलीने सोडवत आल्यामुळे मोबाइलवर तोच खेळ घेताना घाई करायची नाही, असे मी ठरवले होते. म्हणून पैसे भरण्याआधी तीन ॲप्स आलटून पालटून वापरली : जाहिरातींसह फुकट मिळणारे, दरमहा वर्गणीचे आणि एकदाच पैसे घेणारे, ज्याची काही कोडी आधी विनामूल्य सोडवून पाहता येतात. सोप्या पातळीवर तिन्हींत फारसा फरक नाही. मांडणी, रंग, रात्रीसाठीचा काळा पडदा हे सगळीकडे ठीकच आहे.

फरक उघड झाला तो अवघड पातळीवर. फुकट ॲपमधल्या एका कोड्यात शेवटी चारच घरे उरली. ती दोन ओळी, दोन स्तंभ आणि दोन चौकटींत (३×३ घरांच्या गटांत) विभागलेली होती आणि चारही घरांत ४ किंवा ७ एवढेच अंक शक्य होते. अशा आयतात ४ आणि ७ यांची अदलाबदल केली तरी कोडे नियमानुसार पूर्ण होते, म्हणजेच त्याला दोन उत्तरे असतात. मी ४ भरला. ॲपने तो लाल करून माझ्या नावावर चूक लावली. मला याचा खरोखर राग आला, कारण उत्तर एकच असणे हा या खेळाचा पाया आहे. एकच उत्तर येण्यासाठी किमान १७ अंक दिलेले असावे लागतात, हे गणितज्ञ गॅरी मॅकग्वायर यांच्या गटाने २०१२ मध्ये संगणकाच्या साहाय्याने सिद्ध केले; परंतु १७ किंवा त्याहून अधिक अंक दिले म्हणजे उत्तर एकच असेल, असे मुळीच नाही. ते कोडे रचणाऱ्यानेच तपासायचे असते. शिवाय दिलेले अंक कमी म्हणजे कोडे अवघड, हेही खरे नाही. ते सोडवायला कोणती युक्ती लागते, यावर काठिण्य ठरते.

दुसरी कसोटी मदतीच्या बटणाची. वर्गणीचे ॲप मदत मागताच थेट अंक भरून टाकते आणि आपण काहीच शिकत नाही. एकदाच पैसे घेणाऱ्या ॲपने मात्र एका ओळीतली दोन घरे पिवळी करून दाखवले, की इथे फक्त २ आणि ९ बसू शकतात, म्हणून त्या ओळीतल्या इतर घरांत लिहून ठेवलेल्या शक्य अंकांच्या नोंदींतून हे दोन अंक खोडावेत. अंक भरायचे काम त्याने माझ्याकडेच ठेवले. पुढच्याच कोड्यात तशी जोडी मला आपणहून दिसली, तेव्हा मी हे ॲप विकत घेतले.

त्यातही एक उणीव निघाली. फोन बदलल्यावर अर्धवट सोडवलेली कोडी आणि सगळ्या नोंदी गेल्या, कारण त्यात बॅकअपची सोयच नाही. पैसे भरण्याआधी सेटिंगमध्ये ती सोय आहे का, हे अवश्य पाहावे.