उंबरठ्यावरचे लोखंडी फाटक आणि दोन कुत्री: तीन महिन्यांच्या वापरानंतर

मूल रांगू लागले की स्वयंपाकघराच्या दाराशी लावतात तसले सुटे लोखंडी फाटक आम्ही मे महिन्याच्या अखेरीस मागवले, ते मात्र कुत्र्यांसाठी. गोव्यात बांदोड्यातील आमच्या घरी मोती नावाचा सात वर्षांचा गावठी कुत्रा आधीपासून आहे, आणि मालक परदेशी गेल्यामुळे आश्रयगृहात आलेली, लॅब्राडोरच्या वळणाची, सुमारे चार वर्षांची राणी त्याच आठवड्यात यायची होती. दोघांचीही नसबंदी झालेली आहे. खोक्यावर हसऱ्या बाळाचे मोठे चित्र असून कुत्र्यांचा उल्लेख एका ओळीत उरकलेला आहे, म्हणून या दुसऱ्या उपयोगाविषयी सविस्तर लिहीत आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण पुढे येणाऱ्या बहुतेक तक्रारी दाबाने बसणाऱ्या कोणत्याही फाटकाला लागू पडतील असे मला वाटते.

फाटकाला ३,२०० रुपये पडले आणि चौदा सेंटीमीटरच्या जोडपट्टीचे ६०० वेगळे. भिंतीला भोके पाडावी लागत नाहीत. चार कोपऱ्यांतले चार स्क्रू हाताने आवळले की चौकट दोन्ही बाजूंनी दाबून ते उभे राहते. खोक्यातून काढल्यावर कडी आणि खांब यांच्यामध्ये बोटभर फट दिसते व माल सदोष आला असे वाटते. आम्ही परत पाठवण्याच्या बेतात होतो. स्क्रू आवळत गेल्यावर ती फट आपोआप मिटते, हे माहितीपत्रकात शेवटच्या पानावर, तेही बारीक अक्षरांत दिले आहे. मूळ माप ७५ ते ८२ सेंटीमीटर आहे. आमच्याकडे ओटीवरून राजांगणाकडे, म्हणजे घरामधल्या मोकळ्या चौकाकडे, जाणारे दार ९४ सेंटीमीटर रुंद, चौकट फणसाच्या लाकडाची आणि उंबरठा चांगला हातभर रुंद व वीतभर उंच आहे. जुन्या घरात राहणाऱ्यांनी मागवण्यापूर्वी दार खाली, मध्ये आणि वर असे तीन ठिकाणी मोजावे. आमच्या चौकटीत वर आणि खाली दीड सेंटीमीटरचा फरक निघाला.

पहिले बारा दिवस फाटकाने निव्वळ आडोशाचे काम केले. आश्रयगृहाच्या कार्डावर राणीची रेबीजची व सात रोगांवरची एकत्रित लस नोंदलेली होती, तरीही फोंड्याच्या पशुवैद्यांनी तिला काही दिवस वेगळे ठेवायला सांगितले, कारण खोकला किंवा जुलाब लपून असतील तर ते तेवढ्यात दिसतात. (२०२१ मध्ये गोवा रेबीजमुक्त झाल्याची घोषणा झाली असली तरी लसीचे वेळापत्रक कोणी मोडू नये, हेही त्यांनी न विचारता ऐकवले.) राणी राजांगणापलीकडच्या जुन्या बाळंतिणीच्या खोलीत आणि मोती ओटीवर, अशी वाटणी झाली. फाटकाच्या गजांवर आम्ही जुनी चादर बांधली, जेणेकरून दोघांना एकमेकांचा वास येईल, पण टक लावून बघता येणार नाही. रोज सकाळी दोघांच्या अंथरुणावरची फडकी अदलाबदल करीत होतो. पहिल्या दिवशी राणीच्या फडक्यावर मोतीने पाय वर केला. सहाव्या दिवशी तो त्यावर झोपला. गोचिडांपुढे मात्र फाटकाचा काही इलाज नाही. पावसाच्या तोंडावर गोचिडतापाची भीती असते, म्हणून दोघांनाही एकाच दिवशी औषध द्यावे लागले.

आता सर्वांत महत्त्वाचे. दोन प्रौढ कुत्र्यांची पहिली समोरासमोर भेट फाटकापाशी घडवू नये. घर हे मोतीच्या मालकीचे; तेथे एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला अनोळखी पाहुणी उभी केली, तर फाटक ही लढाईची सीमारेषा होते. आम्ही त्यांना फर्मागुडीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, इंजिनिअरिंग कॉलेजची मुले यायच्या आत, सकाळी सहाला नेले. मी मोतीला आणि पत्नीने राणीला धरले, दोन्ही दोऱ्या सैल ठेवल्या, आणि मध्ये पंधरा-वीस पावलांचे अंतर राखून एकाच दिशेने चालत राहिलो. भेटवायचे नाही, नुसते चालायचे. पहिल्या दिवशी मोतीची शेपटी काठीसारखी ताठ होती आणि तो सारखा वळून बघत होता. दुसऱ्या दिवशी त्याने वाटेत गवत हुंगायला सुरुवात केली. कुत्रा जमीन हुंगू लागला म्हणजे त्याच्या मनावरचा ताण उतरत चालला आहे असे आम्ही मानले आणि त्या मानाने अंतर कमी केले. चौथ्या दिवशी राणी पुढे आणि मोती मागे असे चालवून त्याला तिच्या पाठीमागून हुंगू दिले, आणि तीन आकडे मोजून त्याला हाक मारून पुढे घेतले. समोरून, डोळ्याला डोळा भिडवून आणणे हे माणसांचे शिष्टाचार आहेत, कुत्र्यांचे नव्हेत. पाचव्या दिवशी राणीने पुढचे पाय जमिनीवर पसरून मागचा भाग वर केला, म्हणजे खेळायचे आमंत्रण दिले. मोतीने जांभई दिली आणि तोंड फिरवले. नकार सभ्य होता, म्हणून आम्हाला त्याचाही आनंदच झाला.

यानंतर चादर काढली आणि येथे आमची चूक झाली. दोघांचे जेवण फाटकाच्या दोन बाजूंना जवळजवळ ठेवले, की एकत्र जेवण्याची सवय लागेल. मोतीचे ओठ वर गेले, डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागला आणि दुसऱ्या क्षणाला दोघेही गजांवर धडका देत भुंकत होते. सड्यावर शेजारी शेजारी चालणारी हीच कुत्री होती. एकमेकांकडे पोहोचता येत नाही आणि निघूनही जावेसे वाटत नाही, अशा स्थितीत कुत्र्याची जी चिडचिड होते ती फाटकच निर्माण करते, आणि ती दोन-चार वेळा घडली की सवय बनते. विकणाऱ्याने या बाबतीत एक शब्दही लिहिलेला नाही. आम्ही भांडी फाटकापासून प्रत्येकी दहा पावले मागे नेली आणि दोघेही मान वर न करता खात असतील तेवढ्याच अंतरावरून रोज वीतभर पुढे सरकवली. यात अठरा दिवस गेले.

दुसरा प्रसंग जूनच्या अखेरीस घडला. दुपारी पावसाची मोठी सर आली, पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा हॉर्न वाजला, मोती नेहमीप्रमाणे दाराकडे धावला आणि वळताना फाटकावर आदळला. फाटक आडवे झाले आणि चिऱ्याच्या फरशीवर पडून असा आवाज झाला की शेजारी बाहेर आले. दोन्ही कुत्री हातभर अंतरावर, मध्ये काही नाही. सुदैवाने दोघेही त्या आवाजालाच इतके घाबरले, की मोती बाकाखाली शिरला आणि राणी बाळंतिणीच्या खोलीत. कारण शोधले ते साधे निघाले. चौकटीला तेलरंग दिलेला असल्याने स्क्रूंची रबरी टोपी त्यावरून घसरते, आणि जुने लाकूड पावसाळी दमटपणात फुगते, उघडीप मिळाली की आकसते, त्यामुळे आवळलेला दाब टिकत नाही. खोक्यात चार छोट्या वाट्या येतात. त्या चौकटीवर ठोकून स्क्रूची टोके त्यांत बसवायची असतात. माहितीपत्रक त्यांना ऐच्छिक म्हणते. मोठा कुत्रा असलेल्या घरात त्या अनिवार्य आहेत. सुताराने त्या अर्ध्या तासात बसवून दिल्या आणि तेव्हापासून फाटक हललेले नाही, तरी दर रविवारी मी स्क्रू तपासतो.

बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत, पण रोजच्या आहेत. कडी अंगठ्याने मागे ओढून त्याच वेळी फाटक वर उचलावे लागते, जे माझ्या सत्तरी ओलांडलेल्या आईला संधिवाताच्या बोटांनी जमत नाही. खालची आडवी पट्टी उंबरठ्यावर येते. तेथे पाय अडखळतो, आणि रोज सकाळी उंबरठ्यावर रांगोळीची दोन बोटे ओढायची तिची जागाही गेली, हे तिने मला तीनदा सांगितले आहे. पांढरा रंग जुलैतच जोडाच्या ठिकाणी उचलला आणि खाली गंज दिसू लागला. गजांमधील अंतर पाच सेंटीमीटर असल्याने लहान पिल्लाचे डोके अडकण्याची भीती वाटते. प्रौढ कुत्र्यांना प्रश्न नाही.

एवढे असूनही मी हे फाटक पुन्हा घेईन. दार बंद केले असते तर राणी खोलीत एकटी रडली असती आणि साखळीने बांधली असती तर मोतीसमोर तिला पळायला जागा राहिली नसती. फाटकाने दोघांना एकाच घरात, एकमेकांचा आवाज ऐकत, पण एकमेकांपासून सुटका असलेले असे जवळजवळ पाच आठवडे दिले. फ्लॅटमधल्या सिमेंटच्या भिंतींच्या दाराला ते अधिक सहज बसेल. चिरेबंदी घरात सुताराचे पैसे धरूनच हिशेब करावा, आणि सरळ स्क्रूने ठोकायचे फाटक मिळाले तर आधी ते पाहावे.

दोघे आता दिवसभर एकत्र असतात आणि दुपारी एकाच पोत्यावर, पाठीला पाठ लावून झोपतात. जेवणाच्या वेळी वीस मिनिटे फाटक अजूनही लागते, कारण राणी स्वतःचे संपवून मोतीच्या भांड्याकडे वळते आणि मोतीचा तेवढा एक मुद्दा सुटलेला नाही. आम्ही घराबाहेर जातानाही ते लावूनच जातो. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला घरात पंधरा-वीस माणसे येतील, त्यापूर्वी गंजलेल्या जोडांना रंगाचा एक हात द्यायचा आहे.