पांढरे क्युरिंग कंपाउंड: कॉलमला उपयोगी, स्लॅबला अपुरे

नव्या काँक्रीटची ओल टिकवण्यासाठी (क्युरिंगसाठी) पाणी मारायला माणूस ठेवला तरी कॉलमच्या वरच्या टोकापर्यंत पाणी पोहोचतेच असे नाही. गोणपाट गुंडाळावे तर दुपारपर्यंत ते वाळून कडक होते आणि मग काँक्रीटमधलेच पाणी ओढू लागते. या कटकटीला कंटाळून मी एका दुमजली बांधकामावर मेणयुक्त, पांढऱ्या रंगाचे क्युरिंग कंपाउंड वापरून पाहिले.

हे द्रव्य काँक्रीटला पाणी देत नाही, मिसळतानाचे पाणी उडू देत नाही, हे विकत घेण्याआधी समजून घ्यावे. काँक्रीटच्या आतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ८० टक्क्यांच्या खाली गेली की सिमेंटची पाण्याशी चाललेली प्रक्रिया जवळजवळ थांबते, आणि याचा पहिला फटका सळईवरच्या कव्हरला, म्हणजे सळई झाकणाऱ्या काँक्रीटच्या थराला बसतो. डब्यावर एएसटीएम सी ३०९ या अमेरिकी मानकाचा उल्लेख आहे. त्यानुसार ७२ तासांत दर चौरस मीटरमागे ०.५५ किलोपेक्षा जास्त पाणी उडता कामा नये. मात्र ही चाचणी प्रयोगशाळेतल्या नमुन्यावर होते, उन्हात उभ्या असलेल्या कॉलमवर नव्हे.

कॉलमवर मी समाधानी आहे. शटरिंग खोलल्याबरोबर पृष्ठभाग भिजवला, वरची ओली चकाकी गेल्यावर हातपंपाने एक हात आडवा आणि दुसरा उभा फवारला. पांढऱ्या रंगामुळे सुटलेली जागा लगेच दिसते (आमच्याकडे ती बहुतेक वेळा मागच्या कोपऱ्यात निघाली) आणि ऊनही काही प्रमाणात परतते. थर वाळल्यावर त्यावर पाण्याचा थेंब टाकला, तर तो न पसरता मोत्यासारखा उभा राहिला. लिटरला ५ चौरस मीटर असा दावा आहे. खरबरीत पृष्ठभागावर मला जेमतेम ४ मिळाले.

स्लॅबवर फसगत झाली. ताज्या काँक्रीटमधून वर आलेले पाणी पुरते आटण्याआधीच फवारणी केल्याने दुसऱ्या दिवशी थराचे पापुद्रे सुटले. घाई माझी होती, पण ‘काँक्रीट ओतल्यावर लगेच फवारा’ एवढीच मोघम सूचना छापणे कंपनीलाही शोभत नाही. शिवाय आखणीसाठी गवंडी स्लॅबवर फिरले आणि उरलेला थरही ओरखडला. शेवटी तो तारेच्या ब्रशने खरवडून, मसाल्याची आळी बांधून पाणी भरले आणि सिमेंट फ्लाय अ‍ॅशमिश्रित असल्याने १० दिवस ते आटू दिले नाही. सपाट स्लॅबवर पाणी साठवण्याची सोय असेल, तर कंपाउंडवर खर्च करण्यात मला अर्थ दिसत नाही. पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४ च्या खाली असेल, म्हणजे मिसळतानाचे पाणीच कमी असेल, तर बाहेरून पाणी देणे अधिकच चांगले.

माझी मोठी तक्रार गिलाव्याबद्दल आहे. मेणाच्या थरावर गिलावा धरत नाही, ही गोष्ट डब्याच्या मागे अगदी बारीक अक्षरांत आहे; ती वाचेपर्यंत कॉलम रंगून झाले होते आणि प्रत्येकाला हॅकिंग करावे लागले, म्हणजे टोचे मारून पृष्ठभाग खडबडीत करावा लागला. ज्यांवर गिलावा किंवा फरशी येणार नाही अशा संरक्षक भिंती आणि काँक्रीटचे रस्ते यांसाठी हे द्रव्य मी पुन्हा घेईन. फक्त डबा नीट ढवळून घ्यावा, कारण पांढरा साका तळाशी बसतो आणि न ढवळता भरल्यास नोझल पहिल्या दहा मिनिटांतच तुंबते.