सिरॅमिक कोटिंगला एक वर्ष झालं, गाडी आपोआप स्वच्छ होते का ते सांगतो

मागच्या वर्षी मे मध्ये नवीन गाडी घेतली, गडद निळी, आणि गडद रंगाची गाडी पुण्यात काय दिसते ते ज्याच्याकडे आहे त्यालाच कळेल. सकाळी पुसली की दुपारी त्यावर बोटाने नाव लिहिता येतं. त्यात आमच्या सोसायटीसमोर बिल्डिंगचं काम चालू. म्हणून डिलिव्हरीनंतर पंधरा दिवसांतच बाणेरकडच्या एका डिटेलिंगवाल्याकडे (गाडीची बारकाईने सफाई-पॉलिश करणारं दुकान) सिरॅमिक कोटिंग, म्हणजे पेंटवर बसणारा पातळ पारदर्शक थर, करून घेतलं, २२ हजार रुपये, तीन वर्षांची वॉरंटी, दर सहा महिन्यांनी मेंटेनन्स वॉश. नाव मुद्दाम देत नाही, कारण त्या पोरांनी काम मन लावून केलं पण विकताना जे सांगितलं ते खरं नव्हतं. "सेल्फ क्लीनिंग आहे सर, पावसात एक चक्कर मारून आणा, धुवायची गरजच नाही." असं काही होत नाही, आणि हे पैसे भरायच्या आधी कळायला पाहिजे.

आधी कामाबद्दल. दोन दिवस गाडी ठेवून घेतली. धुतल्यावर आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण विरघळवणारं आणि ते करताना जांभळं होणारं द्रावण) मारला तर दरवाजांच्या खालच्या बाजूने जांभळे ओघळ यायला लागले, शोरूममधून आलेली गाडी आणि पेंटमध्ये एवढे लोखंडाचे कण, मी बघतच राहिलो. मग क्ले बार (पेंटला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ माती), हलकं पॉलिश, आणि शेवटी छोट्या छोट्या भागात कोटिंग लावून मायक्रोफायबरने लगेच पुसून घ्यायचं. सात दिवस धुवायची नाही असं बजावून गाडी दिली. इथपर्यंत तक्रार शून्य.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला तेव्हा खरंच भारी वाटलं, बॉनेटवर टपोरे थेंब आणि गाडी पाषाण रोडला जरा वेगात आली की काचेवरून, छतावरून सगळे पळत मागे. पण घरी लावली की जे थेंब छतावर राहिले ते तिथेच वाळले आणि धूळ गोल गोल डाग होऊन बसली. त्याच्यापेक्षा वाईट झालं ते सोसायटीच्या बोअरच्या पाण्याने. जड पाणी, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, साध्या पेंटवर ते पसरून वाळतं पण कोटिंगवर थेंब उभा राहतो आणि सगळा क्षार एकाच जागी सोडून जातो. एका रविवारी दहाच्या उन्हात गाडी धुतली आणि फोन आला म्हणून वर गेलो, खाली येईपर्यंत बॉनेटभर पांढरी वर्तुळं. बरीचशी दुकानात निघाली पण दोन डाग पॉलिश करूनच काढावे लागले, आणि पॉलिश केलं की तिथलं कोटिंगही जातं, मग तो भाग परत कोट करून घेतला. त्याचे वेगळे पैसे.

सेल्फ क्लीनिंग का होत नाही ते मला आईने अळूवडीसाठी आणलेल्या पानांवर कळलं. पान नळाखाली धरलं की पाणी पाऱ्यासारखं गोळा होऊन घरंगळतं आणि जाताना माती सोबत नेतं. अळवावरचं पाणी आपण म्हणतो ते हेच. मग मी एका जागी अंगठ्याने जोरात घासलं आणि परत पाणी सोडलं, तर नेमकं तिथेच पाणी चिकटलं. कमळाच्या पानाचंही असंच, बॉन विद्यापीठातल्या विल्हेल्म बार्थलॉट यांनी १९९७ मध्ये त्यावर पेपर लिहिला. पानावर डोळ्याला न दिसणारे उंचवटे असतात, त्यावर मेणाचा थर, खाली हवा अडकते आणि थेंब वरच्यावर टेकतो. थेंबाची कड पानाला टेकते तिथला कोन १५० अंशांच्या वर, कोन जितका मोठा तितका थेंब गोल. गाडीचं कोटिंग साधारण १०० ते ११० अंशांवर असतं, कारण गाडीला चकाकी हवी तर पृष्ठभाग गुळगुळीत हवा, खडबडीत केला की प्रकाश विखुरतो आणि पेंट मॅट दिसतो. शिवाय ते उंचवटे फडक्याने पुसले तरी झिजतात. निसान कंपनीने २०१४ मध्ये नोट गाडीवर असं खरं चिखल झटकणारं कोटिंग मारून दाखवलं होतं, पण दुकानात आपल्याला मिळतं ती ही गोष्ट नाही.

दुसरं म्हणजे कोटिंग विकताना कडकपणा म्हणून सांगतात ते ९एच. ती पेन्सिलच्या टोकाने घेतलेली टेस्ट आहे, दगडाने ओरखडा पडणार नाही असा त्याचा अर्थ अजिबात नाही. कोटिंग जेमतेम एक-दोन मायक्रॉन, आणि खडे-ओरखडे अडवायला जी पीपीएफ फिल्म लावतात ती दीडशे-दोनशे मायक्रॉनची. पार्किंगमध्ये कोणीतरी स्कूटरचं हँडल घासून गेलं, तो ओरखडा कोटिंगसकट पडला.

मग पैसे वाया गेले का? नाही, मी परत करेन. ताम्हिणीहून आलो तेव्हा दरवाजे अर्धे लाल चिखलाने भरलेले, नुसत्या प्रेशरच्या पाण्याने ऐंशी टक्के खाली आला, हात लावायच्या आत. हात कमी लागला की बारीक चरे कमी, गडद गाडीला तेच तर हवं असतं. धुवायला आधीच्या गाडीला पाऊण तास लागायचा, हिला वीस मिनिटं. कबुतरांची घाण पटकन निघते, पण त्याच दिवशी काढा, उन्हात राहिली तर कोटिंगवरही खूण पडते.

पांढरी गाडी असेल आणि दिवसभर उघड्यावर उभी राहणार असेल तर मी २२ हजार घालणार नाही, चार-सहा महिन्यांनी चांगलं सीलंट (मेणासारखं हाताने लावायचं पेंटचं संरक्षण) पुरे. आणि कोटिंग केलंच तर सगळ्यात आधी रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसणं बंद करा. आमच्याकडे येणाऱ्या दादांना मी दोन बादल्या, शांपू आणि मायक्रोफायबर आणून दिले, पैसे तेवढेच ठेवले, आठवड्यातून दोनदाच सावलीत धुवायची आणि लगेच कोरडी करायची. पहिले चार दिवस त्यांना पटेना, धूळ बसलेली गाडी बघून "साहेब, लोक म्हणतील मी काम करत नाही" म्हणाले. आता शेजारच्या काळ्या गाडीवर उन्हात जे कोळ्याच्या जाळ्यासारखे चरे दिसतात ते तेच मला दाखवतात.