दुहेरी दगड की खेचून धार लावायचं यंत्र? घरच्या सुऱ्यांसाठी परीक्षण

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात मिळणारं, इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेचं यंत्र सोपं खरं, पण त्यातली कार्बाइडची पाती धार घासत नाहीत, पोलाद खरवडतात. टोमॅटो दोन-चार दिवस छान कापला जातो, मग पुन्हा तेच. शिवाय कोन बदलता येत नाही. स्वस्त सुरीला चालेल, चांगल्या सुरीला नको.

त्यापेक्षा ४००/१००० ग्रिटचा, म्हणजे एक बाजू भरड (४००) आणि दुसरी बारीक (१०००) असलेला, पाण्याचा दगड घ्या. बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण १०-१५ मिनिटं भिजवा आणि खाली ओलं फडकं घाला, नाहीतर ओट्यावर सरकतो. पातं ३ सेंमी रुंद असेल तर पाठ १ सेंमी उचला; कोन जवळपास २० अंशांचा येतो. पात्याची एक बाजू ४०० वर घासत राहा, पात्याच्या दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक खरखरीत कोर लागेपर्यंत. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं: कोर उठण्याआधीच बाजू बदलतात आणि दगडाला नावं ठेवतात. कोर पूर्ण लांबीवर हवी, टोकाशीसुद्धा. मग बाजू बदला, शेवटी १००० वर हलक्या हाताने.

दगड मध्ये खोलगट होतो, हा त्याचा खरा दोष. पेन्सिलीने चौकटी आखा, सपाट लादीवर १२० नंबरचा पॉलिशपेपर ठेवून रेघा पुसेपर्यंत घासा.

विळीला मात्र उलटं: पातं स्थिर, दगड हातात, बोटं धारेमागे. दातेरी ब्रेडसुरी दोन्हींपासून लांबच ठेवा.