लिनक्स मिंटमधील ‘स्टार्टअप ॲप्लिकेशन्स’: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी माझ्या लॅपटॉपने बरोबर पासवर्ड स्वीकारला, क्षणभर पडदा काळा केला आणि मला पुन्हा लॉगिनच्याच पडद्यावर आणून सोडले. हे चार वेळा झाले. लिनक्स मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपमध्ये लॉगिन होताच कोणते प्रोग्राम आपोआप सुरू व्हावेत हे ठरवणारी ‘स्टार्टअप ॲप्लिकेशन्स’ नावाची खिडकी असते. तिच्याविषयी माझे मत तोपर्यंत फार चांगले होते आणि हा अभिप्राय मी कौतुकानेच लिहिणार होतो.

लॅपटॉप जुना आहे. ४ जीबी मेमरी आणि फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क एवढ्यावर तो चालतो, आणि वेगवान एसएसडी डिस्क घेण्याचा खर्च मी तीन वर्षे टाळत आलो आहे. अशा यंत्रावर लॉगिन होताच थंडरबर्ड (ईमेल), सिंकथिंग (फाइली जुळवणारे), कीपासएक्ससी (पासवर्ड सांभाळणारे), एक चॅटचे ॲप आणि बाहेरच्या डिस्कवर फाइलींच्या नकला ठेवणारी माझी बॅकअपची स्क्रिप्ट असे सगळे एकाच वेळी डिस्कवर तुटून पडते, तेव्हा मेनू उघडायलाही दीड मिनिट लागते. म्हणून या खिडकीतील ‘विलंब’ हा रकाना सापडल्यावर मला झालेला आनंद थोडा हास्यास्पदच होता. कीपासएक्ससी ५ सेकंदांनी, थंडरबर्ड २५ सेकंदांनी, बॅकअप ६० सेकंदांनी असे आकडे बसवण्यात मी कित्येक संध्याकाळी घालवल्या आणि मोबाइलवरचे घड्याळ लावून मोजमापही केले. मेनू साधारण पस्तीस सेकंदांत उघडू लागला आणि एक पैसाही खर्च झाला नाही.

खिडकीच्या मागची यंत्रणा अगदी साधी आहे. होम फोल्डरातील लपलेल्या ‘कॉन्फिग’ फोल्डरात ‘ऑटोस्टार्ट’ नावाचा फोल्डर असतो. त्यात प्रत्येक प्रोग्रामची एक छोटी मजकुराची फाइल असते आणि विलंबाचे सेकंदही तिच्यातच एका ओळीत लिहिलेले असतात. सर्व वापरकर्त्यांसाठीच्या अशाच फाइली सिस्टिमच्या फोल्डरात असतात, पण त्याच नावाची फाइल आपल्या होममध्ये असली तर आपलीच ग्राह्य धरली जाते. एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली. आज्ञा शेलमधून (टर्मिनलमध्ये टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्राममधून) जात नसल्यामुळे होम फोल्डरासाठी लिहिलेल्या नागमोडी चिन्हाचा (~) विस्तार होत नाही, पूर्ण पत्ताच द्यावा लागतो. आणि तो चुकला तर प्रोग्राम काहीही न बोलता सुरूच होत नाही.

आता त्या सोमवारकडे येतो. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून मी काळ्या टर्मिनलवर लॉगिन केले, तर मुख्य पार्टिशन, म्हणजे डिस्कचा सिस्टिम आणि होम असलेला भाग, शंभर टक्के भरलेले दिसले. लॉगिनच्या वेळी होममध्ये काही लहान फाइली लिहाव्या लागतात. त्यांनाही जागा उरली नव्हती, म्हणून डेस्कटॉप उभाच राहत नव्हता. परंतु कोणता फोल्डर फुगला आहे हे शोधायला गेलो, तर सर्व फोल्डरांची बेरीज भरलेल्या जागेच्या निम्मीही होईना. दोन तास मी चुकीच्या ठिकाणी खणत बसलो होतो.

शेवटी बॅकअपची बाहेरची डिस्क अनमाउंट केली, म्हणजे ज्या फोल्डराशी ती जोडलेली (माउंट केलेली) असते त्यापासून सोडवली, तेव्हा त्या रिकाम्या असायला हव्या अशा फोल्डरात माझ्या फोटोंचा डोंगर सापडला. आदल्या आठवड्यात मी ती डिस्क यूएसबी हबवर हलवली होती आणि ती जागी व्हायला ६० सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेऊ लागली होती. स्क्रिप्ट मात्र नेमून दिलेल्या वेळी उठत होती. तिच्यातला आरसिंक हा नकला करणारा प्रोग्राम रिकाम्या फोल्डरात नकला करू लागत असे, नंतर डिस्क त्याच जागी माउंट होत असे आणि तोवर लिहिलेले सगळे तिच्याखाली झाकले जात असे. रोज थोडे थोडे करत त्याने पार्टिशन भरून टाकले होते.

म्हणजे ज्या रकान्याचे मी महिनोन्महिने कोडकौतुक केले, तो केवळ घड्याळ आहे. नेटवर्क आले आहे का, डिस्क माउंट झाली आहे का, आधीचा प्रोग्राम उभा राहिला आहे का, यांतले काहीही तो पाहत नाही आणि प्रोग्रामांच्या क्रमाची हमीही देत नाही. दोष यंत्रणेला देता येणार नाही, कारण तिने मी सांगितले तेवढेच केले. पण त्या रकान्याशेजारी एका वाक्याची सूचना असती तर माझा सोमवार वाचला असता. आता स्क्रिप्टच दर पाच सेकंदांनी ‘माउंटपॉइंट’ या आज्ञेने तपासणी करते, दोन मिनिटांत डिस्क मिळाली नाही तर मुकाट्याने बंद पडते, आणि विलंब मी शून्यावर आणला आहे. माउंटच्या रिकाम्या फोल्डराची मालकीही रूटकडे, म्हणजे सिस्टिमच्या सर्वाधिकारी खात्याकडे, दिली आहे, म्हणजे डिस्क नसताना माझ्या नावाने तिथे काही लिहिताच येणार नाही.

चॅटचे ॲप ज्या कंपनीचे आहे तिला मात्र मी माफ केलेले नाही. त्याची ऑटोस्टार्टमधील फाइल खोडली, तर पुढच्या अद्ययावतीकरणानंतर ती परत हजर होते. खिडकीतील बटण बंद केले, तरी ते ॲप नवी फाइल लिहून ते पुन्हा चालू करते. गेल्या रविवारी मी त्या फाइलला ‘चॅट्र’ या आज्ञेने कुलूप घातले असून आता ते कुलूप काढल्याशिवाय रूटलाही तिच्यात एक अक्षर बदलता येत नाही. तेव्हापासून एक अद्ययावतीकरण येऊन गेले आणि बटण अजून बंदच आहे.