एकांकिकेच्या संघात पहिल्या वर्षी कोणते काम घ्यावे?

पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून भरवत असलेल्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेमुळे पावसाळा लागला की महाविद्यालयांची सभागृहे, आणि ती न मिळाल्यास जिन्याखालच्या मोकळ्या जागाही, तालमींनी भरून जातात. त्या वेळी संघात नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला एक निवड करावी लागते: मिळत असलेली छोटी भूमिका घ्यावी, की बॅकस्टेजला जावे?

भूमिकेचे आकर्षण उघड आहे, आणि ते फोलही नाही, कारण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोहोचवायचा हे रंगमंचावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. मात्र चार वाक्यांच्या पात्राचा बहुतेक वेळ वाट पाहण्यात जातो आणि दिग्दर्शकाचे लक्ष साहजिकच मुख्य पात्रांवर असते.

प्रकाशयोजना करणाऱ्याची अडचण निराळी असते. तालमीत त्याच्याकडे दिवे नसतात. तो संहितेच्या समासात खुणा करत बसतो आणि योग्य जागी तोंडानेच ‘फेड आऊट’, म्हणजे दिवे हळूहळू मंद, असे म्हणतो. प्रत्यक्ष नाट्यगृहातले दिवे हाती येतात तेव्हा प्रयोग तोंडावर आलेला असतो. ज्याला न दिसणारे चित्र डोळ्यांपुढे आणता येते त्यानेच हे काम घ्यावे. संगीताचेही थोडेफार तसेच आहे, फक्त ते तालमीत ऐकवता तरी येते. नेपथ्याबाबत आधी स्पर्धा पाहावी: पुरुषोत्तममध्ये भर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयावर असल्याने दोन लेव्हल (रंगमंचावर उंची देणारे चौथरे) आणि एक खुर्ची एवढ्यावरही उत्तम एकांकिका उभी राहते, तर फिरोदिया करंडक या दुसऱ्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत चित्रकला, शिल्पकला यांना कथानकातच गुंफायचे असल्याने हाताने काम करणाऱ्याला अधिक वाव मिळतो.

माझा कल रंगमंच व्यवस्थेकडे, म्हणजे प्रयोगातल्या वस्तू वेळेवर जागच्या जागी ठेवण्याच्या कामाकडे आहे, आणि तो एका चुकीतून तयार झाला आहे. एका प्रयोगात टेबलाच्या खणात ठेवायचे पत्र माझ्याच खिशात राहिले. नटाने खण उघडला, क्षणभर थांबला, खण हळूच बंद केला आणि पत्रातला मजकूर पाठ असल्यासारखा म्हणून टाकला. प्रेक्षकांना काही कळले नाही, मला मात्र विंगेत घाम फुटला. त्यानंतर मी वस्तूंची यादी प्रवेशांच्या क्रमाने विंगेत चिकटवू लागलो, आणि ती करताना प्रथमच मला पूर्ण एकांकिका दिसली: कोण कुठून येतो, कोणती वस्तू कोणाच्या हातात संपते, अंधारात खुर्ची हलवायला किती सेकंद मिळतात. या कामाला टाळ्या नाहीत, बक्षिसाच्या यादीत जागा नाही आणि रोज सर्वांत आधी येऊन सर्वांत शेवटी जावे लागते. संध्याकाळची शिकवणी किंवा नोकरी असेल त्याने ते घेऊच नये, कारण इथल्या गैरहजेरीची किंमत इतरांना मोजावी लागते; त्यापेक्षा छोटी भूमिका बरी.

सहायक दिग्दर्शक हे पद मिळत असेल, तर ते स्वीकारण्यापूर्वी हालचालींच्या नोंदी असलेली संहिता कोणाकडे राहणार हे विचारून घ्यावे. ती तुमच्याकडे राहणार असेल तर पद घ्यावे; नसेल तर तुमच्या वाट्याला बहुधा उशिरा येणाऱ्यांना फोन करण्याचेच काम येईल.