रविवारी ओटा थंड: नाशिकच्या मिसळीचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनमध्ये आम्ही डोंबिवलीहून नाशिकला राहायला आलो. पहिल्या रविवारी सामान अजून खोक्यांतच होतं, म्हणून सकाळी बाहेर मिसळ खाल्ली. घरी परतताना सासूबाई म्हणाल्या, "दर रविवारी असंच केलं तर गं? तूही बसून खाल्लंस आज." लग्नाला बारा वर्षं झाली, पण रविवारी सकाळी ओटा थंड असलेला मी तोवर पाहिला नव्हता. आमच्याकडे रविवार म्हणजे उलट जास्तीचा स्वयंपाक. तेव्हापासून नियम झाला: उठल्यावर फक्त चहा आणि एकेक केळं, सकाळीच घर सोडायचं, पोटभर खायचं आणि दुपारचं जेवण करायचंच नाही. संध्याकाळी मुगाची खिचडी. फेब्रुवारीअखेर असे तीसेक रविवार झाले.

मोठ्या शहरांत ज्याला ब्रंच म्हणतात ते नाशिकमध्ये 'मिसळीला जाणं' आहे. न्याहारी आणि जेवण यांच्या मधल्या वेळेत अख्खी कुटुंबं, मित्रांचे गट, ट्रेकवरून उतरलेली पोरं, सगळे मिसळीच्या टेबलावर असतात. शहरातल्या जुन्या हॉटेलांत आणि शहराबाहेर मळ्यांत, दोन्हीकडे.

आम्ही चौघं. नवऱ्याला झणझणीत लागतं. लेक नऊ वर्षांची, तिला तिखट सोसत नाही. आई, म्हणजे सासूबाई, एकाहत्तर वर्षांच्या, गुडघे दुखतात आणि कवळी आहे. त्यामुळे माझी पारख चवीपासून सुरू होते, पण तिथे संपत नाही. आईंना खुर्ची मिळते का, पाव मऊ आहे का, रस्सा तिखट असूनही घशाशी येत नाही ना, हे मी आधी बघते.

सर्वांत जास्त वेळा आम्ही गेलो ते साधनाला. हरदेव बागेतली ही चुलीवरची मिसळ नाशिकबाहेरच्यांनाही ठाऊक आहे. ताटात मोड आलेल्या मटकीची उसळ, वेगळ्या वाटीत काळपट रस्सा, शेव, कांदा, लिंबू, दही, पापड आणि पाव येतो. नाशिकच्या रश्श्याचा रंग भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा, कांद्याचा आणि काळ्या मसाल्याचा. कोल्हापूरचा कट लाल आणि सोबत ब्रेडचे स्लाइस, पुण्यात खाली पोहे. इथे यातलं काही नाही. इथे मटकी आणि रस्सा वेगळे येतात, आणि हेच आमच्या घराला मानवलं. लेक मटकी, शेव, दही एवढंच घेते, आई दोन चमचे रस्सा, नवरा वाटीवर वाटी. एकाच ताटात तिघांची सोय होते, कुणासाठी वेगळं काही मागवावं लागत नाही.

वेळ मात्र सांभाळा. साडेनऊच्या आत पोचलो तेव्हा आम्हाला प्रत्येक वेळी लगेच जागा मिळाली. साडेदहानंतर पार्किंगमध्ये नाशिकच्या एमएच १५ पेक्षा ठाणे-मुंबईच्या एमएच ०४ आणि ०२ च्या गाड्या जास्त दिसू लागतात, आणि पावसाळ्यात तर विचारूच नका. त्र्यंबकेश्वरला निघालेले आणि धबधबे बघायला आलेले, सगळ्यांनाच अकराला भूक लागते.

चुलीबद्दल थोडं सांगते. 'चुलीवरची' ही पाटी आता जिथेतिथे दिसते. नोव्हेंबरात एका मळ्यातल्या ठिकाणी मी मालकीणबाईंना विचारून मागे चूल बघायला गेले. मोठ्या पातेल्यात रस्सा होता, पण खाली जाळ नव्हता. उकळी आल्यावर लाकडं बाहेर ओढून त्यांनी फक्त निखारे ठेवले होते. कडेकडेला बारीक बुडबुडे येत होते आणि मधोमध तर्री शांत पसरली होती. "सारखं खदखदू दिलं तर मसाला करपतो, मग लोकांना जळजळतं," त्या म्हणाल्या. मटकी त्यांनी रश्श्यात टाकलीच नव्हती. ती वेगळ्या भांड्यात, मोड शाबूत असलेली. त्या दिवशी आईंनी पूर्ण वाटी रस्सा घेतला आणि रात्री त्यांना काहीही त्रास झाला नाही. तेव्हापासून मी ताट आलं की आधी मटकीचा दाणा बोटाने दाबून बघते. दबताना थोडा अडला पाहिजे.

याच्या उलट अनुभव ऑगस्टमध्ये आला. एका गाजलेल्या ठिकाणी, नाव लिहीत नाही, भर पावसात टोकन घेऊन सव्वा तास उभं राहिलो. आईंना बसायला प्लॅस्टिकचं स्टूलसुद्धा मिळालं नाही. ताट आलं तेव्हा मटकीचा गाळ झालेला, आणि माझ्या डोळ्यांसमोर पोऱ्याने रश्श्याच्या बादलीत गरम पाणी ओतून ती पुढच्या टेबलावर नेली. रस्सा हवा तेवढा देतो म्हणणं चांगलंच आहे, पण तो शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत रस्साच राहिला पाहिजे. घोड्यावरची फेरी, झोपाळे, सेल्फीसाठी सजवलेली बैलगाडी सगळं होतं. मला आईंच्या गुडघ्यांचं फार वाईट वाटलं. तिथे पुन्हा गेलो नाही.

गावातली मिसळ हा वेगळा प्रकार आहे. मेन रोडवर भगवंतरावांकडे, पंचवटीत अंबिका आणि कृष्णविजयला. इथे झाडं नाहीत, झोपाळे नाहीत, समोर अनोळखी माणूस येऊन बसतो. पण ताट पाच मिनिटांत येतं आणि चवीला तोड नाही. काळाराम मंदिरात दर्शन घेऊन मिसळ, हा आईंचा सर्वांत आवडता रविवार. गाडी मात्र घरीच ठेवा, रिक्षाने जा. तिथल्या गल्ल्यांत पार्किंग शोधण्यात आमचा एकदा पाऊण तास गेला. रविवारी चतुर्थी आली की आम्ही सायंताराचा साबुदाणा वडा घेतो. बाहेरून कुरकुरीत, आतून इतका मऊ की कवळीलाही चालतो.

मिसळीनंतर जिलबी खायची ही इथली रीत आहे, ती चुकवू नका. गरम जिलबीने तोंडातली आग खरोखर शमते. बुधा हलवाईची जिलबी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा लेकीने 'मिसळ राहू दे, जिलबीच' असं जाहीर केलं. मळ्यातल्या ठिकाणी जिलबी कधी गरम, कधी सकाळची असते. ताट मागवतानाच विचारून घ्या.

मखमलाबादच्या बाजूची द्राक्षबागांतली मिसळ मला स्वतःला सगळ्यात प्रिय आहे. ग्रेप एम्बसीला आम्ही ऑक्टोबरात पहिल्यांदा गेलो. तेव्हा त्या बाजूला छाटणी नुकतीच झाली होती, वेली नुसत्या काड्यांसारख्या. लेकीला वाटलं बाग वाळली. डिसेंबरात गेलो तर घड हिरव्या मण्यांचे आणि फेब्रुवारीत मणी पाणी भरून टपोरे, जवळजवळ पारदर्शक. ऑक्टोबर छाटणीपासून साधारण चार महिन्यांत माल तयार होतो, हे पुस्तकात वाचून तिच्या लक्षात राहिलं नसतं. थंडीतले हे रविवार मी जन्मभर विसरणार नाही. धुकं असतं, हात गारठलेले असतात आणि रश्श्याची वाटी दोन्ही हातांत धरून बसायचं.

मिसळ सोडून दोन प्रयोग केले. दिराकडची मंडळी आली तेव्हा सुलाला गेलो. राजीव सामंत यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली ही वायनरी आता गंगापूर धरणाच्या बाजूला जाणाऱ्यांचं ठरलेलं ठिकाण झालीय. जागा सुंदर आहे, तरुण मंडळींनी जरूर जावं; आईंना घेऊन दर रविवारी जाण्यासारखं ते नाही. दुसरा प्रयोग लग्नाच्या वाढदिवसाला एका मोठ्या हॉटेलातल्या बुफेचा. पदार्थ पन्नासच्या वर असतील. पण आईंना ताट घेऊन उठता येईना, म्हणून मी पाच वेळा उठले, आणि खाल्लं काय ते आठवत नाही. चौघांच्या त्या बिलात पाच-सहा रविवारच्या मिसळी झाल्या असत्या. मिसळीला आमचे एरवी ६०० ते ८०० रुपये होतात, जिलबी आणि चहा धरून.

ज्यांना पित्ताचा त्रास आहे त्यांनी रिकाम्या पोटी थेट रस्सा घेऊ नये. आम्ही घरून एकेक केळं खाऊन निघतो आणि दही आधी मागवतो. पाव गरम करून मागा. तव्यावर लोणी लावून देणार असतील तर वयस्कर माणसांसाठी नको म्हणा, कड कडक होते. ज्येष्ठांसाठी खुर्ची आहे का हे फोनवर आधी विचारा. पुष्कळ मळ्यांत खाटा आणि बैठका असतात, बघायला छान, पण उठताना दुसऱ्याचा हात लागतो. मिसळ पार्सल घेऊ नका. घरी येईपर्यंत रस्सा गार होतो, तर्री गोठते, आणि मग गरम करायला गॅस पेटवावाच लागतो.

गेल्या रविवारी साधनाला पोऱ्या बादली घेऊन "रस्सा, रस्सा" करत आला. आईंनी मला न विचारता वाटी पुढे केली आणि वर अजून एक पाव सांगितला. जूनमध्ये त्या अर्धा पाव दह्यात बुडवून उठायच्या. आता ऊन वाढेल, चुलीशेजारी दहानंतर बसवणार नाही. एप्रिलपासून आठला निघायचं ठरलंय, आणि मला गजर लावायला आईंनी आताच सांगून ठेवलंय.